माळव्याची रात्र आणि आमची झोप

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी एक जुनी त्रयी उत्तरेकडे सांगतात. पठाराची उंची आणि सूर्य मावळताच उतरणारा गारवा यांमुळे भर वैशाखातही येथील रात्र सुखाची होते. आमच्या घराण्यास इंदुरास येऊन पाच पिढ्या झाल्या, आणि पुण्यामुंबईकडून येणाऱ्या पाहुण्यांना या रात्रीचे कौतुक ऐकविणे हा आमच्या घरचा रिवाजच आहे. तीच रात्र दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही सलग तीन महिने उघड्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हापासून तिच्या सौंदर्याविषयी आम्ही जरा बेताने बोलतो.

हे सारे आठवण्यास कारण झाले देवासच्या एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांचा मुलगा यंदा बारावीस आहे. रात्री एक-दीडपर्यंत वाचतो. सकाळी विचारावे तर आठवत काहीच नाही. डोके जड आहे म्हणतो, छातीत धडधडते म्हणतो. त्याच्याबरोबर जागून जागून बाईंचीही झोप उडाली आहे. शेजारणीने ब्राह्मीचे सरबत सुचविले, जाऊबाईंनी अश्वगंधाच्या गोळ्या आणून दिल्या, आणि मोबाइलवर कोणी एक गृहस्थ बुद्धिवर्धक चूर्ण विकतात ते निराळेच. "आयुर्वेदिक आहे म्हणजे अपाय तर नाही ना? आपण मराठीचे एम. ए., संस्कृतही शिकविता, तेव्हा ग्रंथांत काय सांगितले आहे ते लिहावे," अशी त्यांची सूचना आहे.

आम्ही वैद्य नव्हेत. मराठीची पदवी घेऊन तीस वर्षे हिंदी माध्यमाच्या शासकीय शाळेत संस्कृत शिकविणारे आणि आता तेथेच मुख्याध्यापकी करणारे आम्ही एक गृहस्थ आहोत. (इकडच्या मराठी माणसाचा हा नेहमीचाच प्रवास आहे, त्याबद्दल तक्रार नाही.) परंतु या विषयात आम्ही रोगी होतो, आणि रोग्याने केलेले वाचन जरा मन लावून केलेले असते.

आमचा आजार सांगतो. रात्री साडेदहाला अंथरुणावर पडावे, अकराला डोळा लागावा आणि दीडच्या ठोक्याला असे जागे व्हावे की जणू कोणी नाव घेऊन हाक मारली आहे. मग पहाटेपर्यंत कूस बदलणे. छातीत एक बारीक कापरे भरे. दिवसा डोक्यात जणू धुके उतरलेले. शिपायाचे नाव जिभेवर येईना. दाखल्यावर सही करताना तारीख आदल्या वर्षाची पडे. एके दिवशी नववीच्या वर्गात 'गम्' धातूची भूतकाळाची रूपे सांगता सांगता द्विवचनापाशी आम्ही थांबलो ते थांबलोच. पहिल्या बाकावरील एका मुलीने हळूच ते रूप सांगितले. वर्ग हसला नाही, हे आम्हांस अधिक लागले. मुले हसली असती तर बरे वाटले असते.

त्याच आठवड्यात एका दुकानातून आम्ही झोपेचे चूर्ण आणले. पुडीवर घटकांची नावे नव्हती. दुकानदाराने "शुद्ध वनस्पती" एवढेच सांगितले आणि आम्हांस ते पुरेसे वाटले. झोप आली खरी. पण सकाळी तोंड इतके कोरडे की जीभ टाळूस चिकटे, वर्तमानपत्राची अक्षरे पसरलेली, लघवीस त्रास. तिसऱ्या दिवशी सौ.स आम्ही आमच्या कै. मातोश्रींच्या नावाने हाक मारली. तेव्हा मात्र घाबरून तिने आम्हांस आळीतील वैद्यबुवांकडे नेले.

वैद्यबुवा आयुर्वेद महाविद्यालयातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी पुडी हुंगली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. "मास्तर, यात खुरासानी ओवा असावा. पारसीक यवानी. नावात ओवा आहे म्हणून तो तुमच्या स्वयंपाकघरातला ओवा नव्हे, धोत्र्याच्या कुळातला आहे. वैद्याच्या हातात औषध, पुडीत विष. कायद्यानेसुद्धा विषारी द्रव्यांच्या यादीत घातलेला आहे तो."

"आपण दुसरे काही द्याल का?" आम्ही विचारले.

"देईन. आधी सांगा, शाळेतून आल्यावर काय करता?"

आम्ही चार वाजता घरी येऊन सहापर्यंत झोपत होतो. रात्रीची झोप होत नसल्यामुळे ती भरून काढणे आम्हांस न्याय्यच वाटे. चहा किती? मोजला तर सात पेले निघाले, त्यांतील शेवटचा रात्री नऊचा. जेवण? दहाला. अंथरुणावर मोबाइल? होय. चालणे? शाळेच्या फाटकापासून कार्यालयापर्यंत. बुवांनी एकेक उत्तर कागदावर लिहून घेतले आणि औषध न देता आम्हांस रक्ततपासणीस पाठविले: रक्तदाब, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व. आम्ही जरा हिरमुसलो. वैद्याकडे जावे आणि हाती प्रयोगशाळेची चिठ्ठी यावी, हे आमच्या कल्पनेत बसत नव्हते. पण आमचे बी-१२ फारच कमी निघाले. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत हे पुष्कळदा आढळते. त्याने विस्मरण होते, हातापायांना मुंग्या येतात, मनही उदास होते. त्यासाठी आम्हांस डॉक्टरांकडून इंजेक्शने घ्यावी लागली. म्हणजे आमच्या डोक्यातील धुक्याचा एक भाग असा होता की त्यावर जगातील कोणत्याही ब्राह्मीचा उपाय चालला नसता.

आता ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेने शरीराचे तीन आधार सांगितले आहेत: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. घराला खांब असावेत तसे हे तीन उपस्तंभ. झोप ही औषधांच्या प्रकरणात येत नाही, अन्नाच्या शेजारी येते, ही पहिली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट. झोपेचे विस्तृत विवेचन सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे आणि तो अध्याय मुळात फार स्थूल, फार कृश, फार उंच, फार ठेंगू अशा आठ प्रकारच्या माणसांविषयी आहे. स्थूलपणा व कृशपणा यांचे नाते झोपेशी म्हणून हा विषय तेथे निघाला. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दुर्बलता झोपेवर अवलंबून आहेतच, पण ज्ञान आणि अज्ञान हीही झोपेवर अवलंबून आहेत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. देवासच्या भगिनींनी मुलाला एवढा एकच भाग ऐकविला तरी पुरे. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बरेचसे रात्रीच्या झोपेत घडते असे आजचे शास्त्रही सांगते, आणि त्या वयाच्या मुलास आठ ते दहा तासांची झोप लागते असे मानते. रात्री दीडपर्यंत वाचणारा विद्यार्थी दोन तास मिळवितो आणि दिवसभराचे वाचलेले त्यापायी घालवितो.

झोप लागते कशी, याचे चरकांचे वर्णन साधे आहे. मन थकते, कामे करून इंद्रिये थकतात, ती आपापल्या विषयांपासून मागे फिरतात, तेव्हा माणूस झोपतो. यात झोप 'आणावयाची' नाही; इंद्रियांना मागे फिरू द्यावयाचे आहे. हातात उजळलेला मोबाइल घेऊन ती मागे कशी फिरणार? झोपेचे प्रकारही मोजले आहेत: तमातून येणारी, कफातून येणारी, मन-शरीराच्या श्रमातून येणारी, बाहेरून आलेल्या कारणाची, व्याधीमागून येणारी आणि शेवटची रात्रीच्या स्वभावानेच येणारी. हिला 'भूतधात्री' म्हटले आहे, म्हणजे सर्व प्राण्यांना आईप्रमाणे पोसणारी. बाकीच्या प्रकारांना हा मान दिलेला नाही. गोळीने आलेली झोप यांत कोठे बसवावी हे ज्याचे त्याने ठरवावे.

दिवसाच्या झोपेबद्दलचा नियम आम्हांस सर्वांत झोंबला. ग्रीष्मात रात्री लहान असतात, शरीर कोरडे पडते, म्हणून दिवसा झोपावे; बालकांनी, वृद्धांनी, आजाऱ्यांनी, ओझी वाहून किंवा वाट चालून थकलेल्यांनी झोपावे; अभ्यासाने थकलेल्यांचाही त्यात समावेश आहे. इतरांनी इतर ऋतूंत झोपू नये, कफ व पित्त वाढते. हिवाळ्यात चार ते सहा झोपणाऱ्या मुख्याध्यापकाला कोणत्याच वर्गात जागा नाही. मात्र बसल्या बसल्या डुलकी घेण्यास त्यांनी निराळे नाव देऊन जवळजवळ निरुपद्रवी ठरविले आहे. शिक्षकांच्या बैठकांच्या दृष्टीने ही सोय मोठीच म्हणावयाची. आणि रात्री जागरण झालेच तर वाग्भटाने तोड सांगितली आहे: जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही खाण्यापूर्वी झोपावे.

आणखी एक मौज. अतिनिद्रा घालविण्याचे उपाय म्हणून चरकांनी एक यादी दिली आहे: वमन, विरेचन, उपवास, व्यायाम, न सुखावणारी शय्या, आणि त्यांच्याच रांगेत भय, चिंता व क्रोध. पुढे म्हटले आहे की हीच निद्रानाशाचीही कारणे समजावीत. म्हणजे वर्गात पेंगणाऱ्या मुलांना भय दाखविणारे आम्ही तीस वर्षे न कळत चरकांची चिकित्सा करीत होतो, आणि तेच द्रव्य स्वतः रात्री घेत होतो. याखेरीज कामाचा भार, वय, रोग, मूळ प्रकृती आणि वाढलेला वात ही कारणे जोडली आहेत.

मग उपाय? त्याच अध्यायातील उपायांची यादी वाचताना प्रथम आम्हांस वाटले की काही पाने गळाली असावीत, कारण तीत औषध म्हणावे असे जवळजवळ काही नाही. अंगास तेल लावणे, उटणे, स्नान, भात, दूध, दही, तूप, मांसरस, अंग चेपणे, डोळ्यांना शांतविणारे तर्पण, डोक्यास व मुखास लेप, मनास सुखावणारे गंध व शब्द, चांगली शय्या, चांगले घर आणि योग्य वेळ. (मद्याचाही उल्लेख आहे, तो लपविण्यात अर्थ नाही, पण मद्याने आलेली झोप उत्तररात्री मोडते हे आज ठाऊक आहे, तेव्हा त्या शब्दाचा आधार कोणी घेऊ नये.) डोक्यास नित्य तेल लावणाऱ्यास सुखाने झोप येते असे दिनचर्येच्या अध्यायात निराळेच सांगितले आहे. आज मोठमोठ्या हॉटेलांत हजारो रुपये घेऊन शिरोधारा करतात, तिचे मूळ वाग्भटाने सांगितलेल्या चार प्रकारच्या मूर्धतैलांत आहे. त्यांतील सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे आपल्या आजीने टाळूवर थापलेले तेल.

बुवांनी आम्हांस नेमके हेच दिले. चार ते सहाची झोप बंद. त्याऐवजी नारायणबागेकडून चालत फेरी. चहा दोन पेले, दुपारी तीननंतर नाही. जेवण साडेसातला. निजताना टाळूस कोमट तिळेल आणि तळपायांस तूप लावून काशाच्या वाटीने घासणे. ही काशाची वाटी आमच्या आजीच्या वेळी घरोघरी असे. तळवे घासता घासता तूप काळे पडे आणि अंगातली उष्णता निघाली म्हणून आजी समाधान पावे. काळेपणा तुपाचा व धातूचा संयोग होऊन येतो, उष्णतेचा नव्हे. पण पंधरा मिनिटे कोणी आपले पाय घासतो आहे, बाकी काही घडत नाही, यात जी शांतता आहे ती खोटी नव्हे. शिवाय पेलाभर म्हशीचे दूध. झोप न येणाऱ्यास म्हशीचे दूध हितकर, असे चरकांचे मत आहे, आणि गाईच्या दुधापेक्षा ते जड व थंड म्हटले आहे. इंदूरकरास म्हशीचे दूध आवडावयास ग्रंथाधार लागत नाही. मात्र ते सराफ्यात रात्री अकराला, गराडूच्या तळलेल्या फोडींवर प्यावयाचे नव्हे, असे बुवांनी आम्हांस दोनदा बजावले. आमच्याबद्दल त्यांस पूर्ण माहिती असावी.

आणि झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे. वीस-पंचवीस मिनिटे जागे राहिलो तर उठून दुसऱ्या खोलीत बसणे. सकाळी मात्र साडेपाचाला उठणे, रात्र कशीही गेलेली असो. हे शेवटचे कलम कोणत्या ग्रंथातले, असे आम्ही विचारले तेव्हा बुवा हसले. ते आधुनिक डॉक्टरांकडून घेतले होते. अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी अशी सवयींची व विचारांची चिकित्सा करावी असा सल्ला दिला आहे. दोन शास्त्रे येथे एकमेकांच्या अंगणात येऊन उभी राहतात, हे पाहून आम्हांस बरे वाटले.

वनस्पतींचा प्रश्न उरतोच. बुद्धी वाढविणारी म्हणून चरकांनी चार मेध्य रसायने सांगितली: मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. आता गंमत अशी की बाजारात 'ब्राह्मी' मागावी तर कोणी मंडूकपर्णी देतो, तिचे पान वाटोळे, बेडकाच्या पावलासारखे. कोणी जलनीम देतो, तिचे पान बारीक व मांसल. औषधिकोशाप्रमाणे ब्राह्मी म्हणजे जलनीम आणि मंडूकपर्णी ती निराळी. पण घरोघरी दोघींना एकच नाव. शंखपुष्पीचीही तीच कथा, दक्षिणेत त्या नावाखाली गोकर्ण वापरतात. सरबताच्या बाटलीत यांतील कोण आहे, आणि साखर किती आहे, हे पाहावयास हवे. ज्येष्ठमध रोज व फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो.

अश्वगंधा आमच्या माळव्याची. नीमच-मंदसोरकडील शेतांत तिची मोठी लागवड होते आणि नीमचच्या बाजारात मुळ्यांच्या पोत्यांचे ढीग लागतात. तिच्या शास्त्रीय नावातील 'सोम्निफेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थच झोप आणणारी असा आहे. अलीकडे तिच्या पुष्कळ चाचण्या झाल्या. बहुतेक लहान आणि दोन-तीन महिन्यांच्या. त्यांत झोप व मनाचा ताण यांत थोडा लाभ दिसला आहे. पण तिने काही माणसांच्या यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गर्भवतींनी ती घेऊ नये. थायरॉइडच्या व झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. तो निर्णय आमच्या मते घाईचा आहे, परंतु जी वस्तू काही करते ती अपायही करू शकते, हा नियम तिला लागू नाही असे समजणे हा भाबडेपणा आहे.

या नियमाचे सर्वांत मोठे उदाहरण सर्पगंधेचे. उन्मादावर व निद्रानाशावर ही मुळी आपल्याकडे फार पूर्वीपासून दिली जाई. बिहारकडे तिला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांविषयी लेख लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग पत्रिकेत प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि पुढील काही वर्षांत ते परदेशातील मनोरुग्णालयांत पोहोचले. आयुर्वेदाची केवढी थोरवी! पण त्याच द्रव्याने रक्तदाब फार उतरतो, आणि काही रुग्ण खोल उदासीनतेत गेल्याचेही डॉक्टरांना आढळले. थोरवी सांगताना आपण लेखाचा पूर्वार्ध सांगतो. ज्याचे मन आधीच खचले आहे अशाला कोणी सर्पगंधेची गोळी सहज देऊ केली तर हा उत्तरार्ध आठवावा. जायफळाचेही तसेच: पुरणात किसलेले चिमूटभर निराळे, झोपेसाठी चमचाभर निराळे, त्याने भ्रम होतो. अरिष्टांत आंबवणीचा मद्यार्क असतो, हेही झोपेची गोळी घेणाऱ्यांस ठाऊक असावे.

येथे आमच्या एका सहकारी शिक्षकांची हकीकत सांगितली पाहिजे. ते कित्येक वर्षे डॉक्टरांनी दिलेली मनःशांतीची गोळी रोज घेत. कोणी तरी "रसायनांचे विष कशाला, वनस्पती घ्या" म्हणताच त्यांनी गोळी एका दिवसात बंद केली आणि काढा सुरू केला. तीन रात्री डोळ्यास डोळा नाही, हात थरथर, चौथ्या दिवशी शाळेच्या जिन्यात झटका येऊन पडले. काढ्याचा दोष नव्हता. या गोळ्या हळूहळू, आठवडे-महिने घेऊन, डॉक्टरांच्याच देखरेखीखाली उतरवावयाच्या असतात. आज ते बरे आहेत. जिन्याचा कठडा धरून चढतात.

तीन आठवड्यांनी आम्ही बुवांकडे गेलो. झोप साडेतीनपर्यंत लागू लागली होती, पण छातीतील कापरे गेले नव्हते. बुवांनी नाडी पाहिली आणि विचारले, "मास्तर, दीड वाजता उठून तुम्ही कशाचा विचार करता?"

आम्ही शाळेच्या निकालाचे सांगितले. ते नुसते पाहत राहिले.

मग आम्ही खरे ते सांगितले. आमच्या मेहुण्यांच्या कर्जास आम्ही जामीन राहिलो होतो. त्यांचा धंदा बसला आणि बँकेची पत्रे आमच्या शाळेच्या पत्त्यावर येऊ लागली. सौ.ला काही ठाऊक नव्हते, कारण मेहुणे म्हणजे तिचेच धाकटे बंधू, आणि त्यांनी हात जोडून "ताईला सांगू नका" म्हटले होते.

"चरकांनी मनाच्या दोषांवर औषध कोणते सांगितले आहे ते तुम्हांस मी सांगावे काय?" बुवा म्हणाले. "ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी. सत्त्वावजय म्हणतात त्याला, अहितकर विषयापासून मनाला आवरणे. पण जे मन एकटेच ओझे घेऊन बसले आहे ते आवरायचे कसे? घरी जा. आज तेल लावण्यापूर्वी सांगा."

सांगितले. सौ. दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. कर्जासाठी नव्हे; आठ महिने आम्ही तिच्या शेजारी जागे पडून राहिलो यासाठी. कारण तीही जागी असे. आम्हांस काही मोठा आजार जडला आहे आणि आपण तो तिच्यापासून लपवीत आहोत, असे तिने मनाशी धरले होते. तिसऱ्या दिवशी तिने भावास फोन केला, काय बोलली ते आम्ही दुसऱ्या खोलीत बसून ऐकले नाही. बँकेशी बोलून हप्ते बांधून घेतले. निम्मे ते भरतात, निम्मे आम्ही. त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा पाचपर्यंत झोपलो. इंजेक्शनांनी, चहा सोडल्याने, तेलाने की बोलल्याने, हे आम्हांस आजही सांगता येत नाही, आणि जो कोणी यांतील एकाच गोष्टीचे नाव ठामपणे घेईल तो बहुधा तीच विकत असेल.

देवासच्या भगिनींस आता उत्तर देतो. चूर्ण घेऊ नये. घटकांची नावे नसलेली पुडी किंवा गोळी कोणाच्याही सांगण्यावरून मुलास देऊ नये. अश्वगंधाच्या गोळ्या जाऊबाईंचा मान राखून बाजूस ठेवाव्यात. मुलास पदवीधर, नोंदणीकृत वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे न्यावे, आणि धडधड होते असे तो म्हणतो तर हिमोग्लोबिन, थायरॉइड व बी-१२ एकदा तपासावे. रात्री साडेदहाला पुस्तक मिटावे, मोबाइल आपल्या खोलीत ठेवून घ्यावा, पहाटे उठवावे. तो खाणे सोडू लागला, मित्रांत जाईनासा झाला, अथवा जगण्यात अर्थ नाही असे एकदाही म्हणाला, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तीवर दिवसरात्र बोलता येते. तळपायांस तूप लावावयाचे झाले तर तेवढे खुशाल लावावे. त्या वेळी अभ्यासाविषयी काही विचारू नये. तो आपणहून काय बोलतो ते ऐकावे. त्यास कशाचे भय आहे हे आपल्या पत्रात कोठेच आलेले नाही. कदाचित त्याने अद्याप सांगितले नसावे. तपासणीत काय निघाले ते आम्हांस अवश्य कळवावे. बुवांनीही चौकशी केली आहे.